शालोम घराची वाट

"आज तरी कुणी येईल!" कढईत वडा सोडत एस्तेरकाकूने जाहीर केलं.

शुलमित ताटल्या पुसत राहिली. काकू रोज हेच म्हणायची, आणि रोज संध्याकाळी टेबलाशी तिघंच बसायची. शिमशोनकाका, काकू आणि ती.

काकाने लोणारच्या वेशीबाहेर हे केंद्र उघडलं होतं. नाव ‘शालोम घर’. सरोवर बघायला येणाऱ्या ज्यू प्रवाशांना इथे सण साजरा करता यावा, आपल्या पद्धतीचं जेवण मिळावं, आणि गावातल्या कुणालाही येऊन पुस्तकं वाचता यावीत, यासाठी. मागच्या वर्षी हनुकाच्या सणाला बसायला जागा पुरली नव्हती म्हणे! यंदा मात्र दिव्यांच्या या सणाचे तीन दिवस उलटले, तरी दार कुणी वाजवलं नव्हतं.

शुलमित, म्हणजे सगळ्यांची शुली, ठाण्याची. तिची ताई कायमची इस्राएलला गेली होती. आई-पप्पा तिला भेटायला गेले आणि नाताळच्या सुट्टीत शुलीची रवानगी इकडे झाली. "तिकडे खूप माणसं असतात, मजा येईल," आई म्हणाली होती. कुठली माणसं? संध्याकाळी खिडकीत दिवे लावायचे, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसावेत अशी रीत. पण समोरचा रस्ता पाइपलाइनसाठी उखडलेला, त्यावरून कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. दिवे विझेपर्यंत शुली खिडकीशी बसून राही. ठाण्याच्या घरात आता ताईचा पलंग रिकामा असेल, हे सारखं आठवायचं.

दुपारी मात्र दोघंजण मागच्या गल्लीतून हमखास यायचे. गावातली रेणुका आणि अरसलान. शाळेची टीम असावी तशी त्यांची जोडी! काका त्यांना हिब्रू अक्षरं शिकवायचा.

"आलेफ, बेत..." काकाने फळ्यावर लिहिलं.

"आमचं अलिफ, बे!" अरसलान ओरडला. "सर, हे तर चुलतभाऊ निघाले!"

"‘बे’ तर आमीबी म्हणतो," रेणुका म्हणाली. "चूप बस बे!"

शुलीसुद्धा हसली. तेवढ्यात फोन वाजला. काकाचा चेहरा एकदम उजळला.

"नांदुऱ्याचे बेन्यामिन रोहेकर बोलत होते. रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. एसटीने लोणारला उतरलेत! सणाला येतायत. मी आणायला येतो म्हटलं, तर म्हणाले, पाटी बघत बघत येईन, मला चालायची सवय आहे."

काकूने घाईघाईने वड्यांचं आणखी पीठ भिजवलं. पण अर्धा तास झाला, तास झाला, म्हाताऱ्याचा पत्ता नाही. फोन लावला तर बंद! काका स्कूटर काढून स्टँडकडे गेला आणि हात हलवत परत आला.

"स्टँडवर नाहीत. चहावाला म्हणतो, केव्हाच इकडे निघाले."

"आजोबा गेले कुठं मग?" शुली उठली. "काका, तू पुन्हा गावात बघ. आम्ही फाट्यापर्यंत जाऊन येतो."

"फाट्याच्या पुढे जायचं नाही हं! आणि कळवायचं!" काकूने आपला फोन तिच्या हातात दिला.

तिघं उखडलेल्या रस्त्याने पळत सुटली. फाट्यावर ‘शालोम घर’ अशी निळी पाटी उभी होती. अरसलान तिच्यावरून सरळ पुढे गेला, पण शुली थबकली.

"थांबा! हा बाण बघा!"

बाण डावीकडे होता. स्टँडकडून येणाऱ्याला शालोम घर तर उजवीकडे!

"आता गं माय!" रेणुकाने कपाळावर हात मारला. "आमाले रस्ता माहीत, म्हणून आमी कधी पाटीकडं पाह्यलंच नाही!"

"काकाही मागच्या गल्लीनेच जातो-येतो," शुली म्हणाली. ती पाटीच्या बुडाशी वाकली. तिथलं सिमेंट नवंकोरं होतं. "पाइपासाठी चर खणताना पाटी उपटली, आणि परत बसवताना उलटी बसवली!"

म्हणजे इतके दिवस माणसं येत होती! बाणामागे जात होती, बाभळीच्या रानात अडकत होती आणि कंटाळून परत फिरत होती. शुलीच्या अंगावर काटा आला. डावीकडची पायवाट पुढे नाल्यात उतरते, हे तिला रेणुकाने दाखवलं होतं.

"आजोबा!" ती जीव खाऊन ओरडली.

उत्तर आलं नाही. सूर्य कलला होता. तिघं कान देऊन उभी राहिली. मग अगदी बारीक आवाज आला. फुर्रर्र!

"पाखरू असेल," अरसलान म्हणाला.

पुन्हा फुर्रर्र! लांबलचक, ठसठशीत.

"पाखरू नाही, शिट्टी!" शुली उडालीच. "ते गार्ड होते ना? गार्डची शिट्टी!"

तिने काकाला फोन लावून सगळं सांगितलं. "कडेलाच थांबा, मी येतोच!" काका म्हणाला. तिघं काटे चुकवत नाल्याच्या कडेला पोचली. खाली दगडाला टेकून एक पांढऱ्या केसांचे आजोबा बसले होते. एक पाय सुजून टम्म, चष्मा फुटलेला.

"आलात का, बाप्पा!" ते खालून म्हणाले. "पाय मुरगळला, फोन दगडावर आपटला. शिट्टी वाजवून वाजवून जीव गेला, पण इकडं कोणी येतच नाही!"

शुलीने वरूनच सोबत आणलेली पाण्याची बाटली ओढणीला बांधून खाली सोडली. काका आला, आणि काका-अरसलाननी आधार देत आजोबांना वर घेतलं. त्यांचे हात गार पडले होते.

आजोबांना घरी काकूच्या हवाली करून काका तिघांसह तडक पाइपलाइनच्या मुकादमाकडे, माणिकरावांकडे गेला. ते खुर्चीत रेलून मोबाइल बघत होते.

"पाटीले आमी हातबी नाही लावला!" ते मान न उचलता म्हणाले. "तुमचे पाहुणेच आंधळे असतील."

काका रागाने लाल झाला. पण शुली पुढे सरकली. अगदी गोड आवाजात म्हणाली, "जाऊ द्या, माणिककाका. आज आमचा सण आहे. गरम वडे तळलेत. तुम्ही याल? पाटी बघत बघत या, चुकायचं कामच नाही!"

"वडे?" माणिकराव खुर्चीत सरळ झाले. "येतो ना!"

रेणुकाने हसू दाबायला ओठ घट्ट मिटले.

थोड्याच वेळात बाभळीच्या रानातून मोटारसायकलचा हॉर्न ऐकू यायला लागला. काकाच त्यांना घेऊन आला. माणिकरावांची बाही फाटलेली, केसांत काटे!

"कोण्या गाढवानं लावली हो ती पाटी..." ते गरजले, आणि मध्येच थांबले. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. कॉटवर पाय वर ठेवून बसलेले आजोबाही.

माणिकरावांची मान खाली गेली. "माह्याच माणसानं लावली. मी पाह्यलंबी नाही. माफ करा, बाबा." ते वडा न खाताच वळले, माणूस बोलावला आणि उजेड आहे तोवर पाटी सरळ करवून घेतली.

दिवेलागणीला पाठीवर सॅक घेतलेली चार तरुण मुलं दारात उभी राहिली. "काल फार शोधलं, सापडलंच नाही!" त्यांतली एक मुलगी म्हणाली. काकूने डोळे पुसले आणि त्यांना आत ओढलं.

आजोबांनी दिवा पेटवला. प्रार्थनेचा पहिला शब्द उच्चारला आणि अडकले.

"बायको गेल्यापासून म्हटली नाही," ते हळूच म्हणाले. "नांदुऱ्यात आमच्यातला मी एकटाच. विसरलो, पोरी."

शुलीने एकेक शब्द सांगितला, आजोबा मागून म्हणत गेले. त्यांचा आवाज मध्येच फाटला, तेव्हा तिने तोच शब्द पुन्हा सांगितला.

प्रार्थना संपल्यावर काकाने तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही पाहिलंत. शाबास रे पोरांनो!"

"आणि मुकादमाले बरा धडा शिकवला!" आजोबा हसले. मग जरा अवघडून म्हणाले, "पाय बरा होईपर्यंत राहू का इथं? घरी वाट पाहणारं तसं कोणी नाही."

शुली त्यांच्या शेजारी टेकली.

"इथे होतं की वाट पाहणारं," ती म्हणाली. "रोज."