समासात राहिलेलं

बनशंकरीच्या बसस्टँडजवळ उभ्यानं कॉफी पिताना मी फोनवर आईला सांगत होते, "अगं, वेबसाइटसाठी लिहायचं काम... पहिला दिवस ना, स्वल्प भीती वाटतेय." शेजारचा चष्मेवाला हसला.

"समोरच्याच इमारतीत ना? तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला. "घाबरायचंच असेल तर जिन्याला घाबरा."

तो क्षितिज. नागपूरचा. आमच्या ऑफिसात मराठी मजकूर तपासणारा, म्हणजे माझा वरिष्ठच. मी विद्याश्री. तीन पिढ्या बंगळुरात मुरलेल्या घरातली, आणि अप्पांचं कापडदुकान बंद पडल्यापासून घरात एकटी कमावणारी. ही नोकरी गेली की चूल थंड.

पहिलंच काम मिळालं अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका कंपनीचं. 'अखेरचा प्रवास निश्चिंतपणे आमच्यावर सोपवा,' मी झोकात लिहिलं. पडद्यावर त्या ओळीशेजारी, समासात, त्याची टीप उमटली: 'जाहिरात नको. नुकतंच रडून आलेल्या माणसाशी बोला.'

मी खाली लिहिलं, 'तुम्हाला कुणी रडवलंय का कधी?'

'अजून नाही. पण तुम्ही नव्या आहात...'

झालं! शेजारी बसून आम्ही बोलायचो कमी, समासात लिहायचो फार. अग्निसंस्काराच्या ओळीशेजारी तो माझ्या गजऱ्याबद्दल लिहायचा. 'तुम्ही'चं 'तू' झालं ते अस्थिविसर्जनाच्या परिच्छेदात. लाज वाटायला हवी होती, पण मी हवेत होते.

ऑफिसचा नियम एकच: मजकूर पाठवण्याआधी समास साफ करायचा. त्या शुक्रवारी त्यानं विचारलं, 'रविवारी कॉफीला येशील?' वाचून छातीत असं धडधडलं की... उत्तर न लिहिताच मी तसंच पान कंपनीला पाठवून दिलं. सगळ्या टिपांसकट.

त्या कंपनीच्या मालकानं स्वतःचे वडील गेल्यावर हे काम सुरू केलं होतं. पानावरच्या त्यांच्याच फोटोशेजारी त्यानं आमचं खिदळणं वाचलं.

सोमवारी आमच्या ऑफिसचे प्रमुख नागराज सरांनी दोघांना बोलावलं. पान कुणी पाठवलं, त्यांनी विचारलं. क्षितिजनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला.

त्याला त्याच दिवशी काढलं.

दोन दिवसांनी यशवंतपूर स्टेशनवर, नागपूरला निघालेल्या त्याच्या डब्याच्या दाराशी मी त्याला गाठलं.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "आणि... ते पान मी पाठवलं होतं."

"दोन्ही माहीत आहे." तो बॅगेचा पट्टा आवळत राहिला. "त्या दिवशी मी तुझ्याकडे पाहिलं ना, विद्या... तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

मला रडू फुटलं. त्याचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला — आणि मग त्यानं दाराची दांडी धरली. गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं. नोकरी गेली तर गेली, असं ठरवूनच.

"सरी, बिडम्मा," सर मान वर न करता म्हणाले. राहू दे. त्या कंपनीला एक माणूस काढून दाखवायचा होता, तो दाखवला. क्षितिजचं तपासायचं काम आता मीच करावं, आणि ते पान नीट करून आजच पाठवावं.

जागेवर येऊन मी पान उघडलं. 'रविवारी कॉफीला येशील?' प्रश्न तिथेच होता. त्याचं खातं ऑफिसनं बंद केलं होतं, त्याला आता काहीच दिसणार नव्हतं. तरी मी खाली लिहिलं — 'हो.'

मग नियमाप्रमाणे समास साफ केला, आणि पान पाठवून दिलं.