नुसती उघडलेली फाइल

पहिली पानं स्वच्छ दिसत होती, मग पुढची कोरी का? अबोलीच्या तोंडचं पाणी पळालं. चंद्रावरच्या त्यांच्या घुमटातलं हवा शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं होतं आणि आत आई धापा टाकत होती. दुरुस्तीची माहिती असलेली पीडीएफ फाइल अबोलीनं पृथ्वीवरच्या संकेतस्थळावरून उघडली होती आणि वीज वाचवायला लगेच अँटेना बंद केली होती. मुलगी काटकसरी, पण इथे काटकसर नडली.

"फाइल तर माझ्यासमोर आहे," ती ढवळ्याला म्हणाली. ढवळ्या हा त्यांचा जुना यंत्रमानव.

"दिसतं तसं नसतं. मूळ फाइल सर्व्हरवर (पृथ्वीवरच्या एका संगणकावर) आहे. ब्राउझरनं (संकेतस्थळं दाखवणाऱ्या प्रोग्रामनं) तुला दाखवण्यापुरती चार पानं आणली, तीही तात्पुरती."

"पण मी लिंक जपून ठेवलीय."

"तो नुसता पत्ता. पत्ता खिशात ठेवून घर आपलं होत नाही."

अबोलीला रडू आलं. चूक तिची आणि त्रास आईला.

संदेश पोचवणारा उपग्रह त्या दिवशी शेवटचा माथ्यावरून जाणार होता, नंतर तो कायमचा बंद केला जाणार होता. तो वर येताच अबोलीनं अँटेना सुरू केली. या वेळी ती पानं चाळत बसली नाही. तिनं आधी डाउनलोड (पूर्ण प्रत आपल्या संगणकात उतरवून घेणं) केलं. फाइल किती उतरली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत ढवळ्यानं तिला कशालाही हात लावू दिला नाही.

"आता अँटेना बंद कर आणि ही प्रत उघड. शेवटचं पान दिसलं, तरच फाइल आपली."

दिसलं. आकृत्या, अक्षरं, सगळं जागच्या जागी होतं.

"पीडीएफ आपली मांडणी सोबत घेऊन येते," ढवळ्या म्हणाला. "म्हणून कुठल्याही संगणकावर ती सारखीच दिसते."

दोघांनी मिळून यंत्र सुरू केलं. आईचा चेहरा अजून पांढराफटक होता, पण तिला झोप लागली.

तेवढ्यात शेजारच्या घुमटातून रेडिओवर मानेकाका बोलले. "अबोली, आमचंही यंत्र बंद पडलंय बघ. पण काळजी नाही, ती फाइल आम्ही कालच उघडून ठेवलीय."

उपग्रह केव्हाच मावळला होता.

"काका, शेवटचं पान बघता का?"

पलीकडून त्यांच्या धाकटीचा खोकला ऐकू आला.

"कोरं आहे गं," काका म्हणाले.

अबोलीनं फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि बाहेरचा पोशाख चढवला.

"काका, आमच्याकडे ती पूर्ण आहे. मी आणि ढवळ्या निघालोच."