दुपारी तीनचं औषध

काकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि दम्याचा पंप टेबलावर ठेवला.

"माझी सून माझ्या नवऱ्याला मारतेय. तिची बॅग भरून दाराशी ठेवलीय मी. तुम्ही फक्त पुरावा द्या."

खाजगी गुप्तहेर असलेल्या बाईंनी पंपाकडे नुसतं पाहिलं. त्यांचे सोबती मास्तर, निवृत्त गणितशिक्षक, पेपरमिंट चघळत वहीत लिहू लागले.

काका चहाच्या कंपनीत मुख्य टेस्टर. चहा चाखून त्याची प्रत ठरवायची, हे चाळीस वर्षांचं काम. दम्यासाठी रोज एकदा पावडरचा पंप ओढायचा. आधी सकाळी, काकूंच्या डोळ्यांदेखत. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी वेळ बदलून दुपारी तीनची केली आणि हळूहळू दुखणं बळावलं. गेल्या आठवड्यात तर पहाटे इस्पितळ गाठावं लागलं.

"पंप कोणाकडे असतो?"

"सुनेकडे. आज मीच तो काढून घेतलाय. तिचं ऑफिस त्यांच्याच इमारतीत. तीनला नेऊन देते. मी संध्याकाळी पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा बघते. रोज बरोब्बर एकने कमी! औषध जातंय आणि माणूस खंगतोय. तिने आत भलतंच काहीतरी भरलंय."

"चला," बाई उठल्या. "तीन वाजत आलेत. पंप सोबत घ्या."

चाखायच्या खोलीत लांबलचक टेबलावर पांढरे कप ओळीने मांडले होते. काका खुर्चीत बसून धापा टाकत होते. मास्तरांनी तोंड उघडताच काका कडाडले, "तो पेपरमिंट बाहेर! साडेतीनला चाखायचंय. त्याआधी तासभर मी पाण्याशिवाय जिभेला काही लावत नाही."

पुढचं खोकल्यात बुडालं. बाईंना ती छातीची शिट्टी दारापर्यंत ऐकू आली.

मागोमाग आलेल्या सुनेचे डोळे रडून सुजले होते. "मी पंप देते, बाबा म्हणतात बाहेर थांब. दोन मिनिटांनी परत देतात. मला वडील नाहीत हो. मी त्यांना का मारीन?"

दुय्यम टेस्टर तरतरीत होता. "काका गेले तर खुर्ची माझी, हे खरंय. पण पंपाला मी शिवलेलो नाही. औषधानंतर चुळा भरायला तो पेला मात्र मीच आणून ठेवलाय."

बाईंनी कोपऱ्यातल्या पेल्यात बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली.

मास्तर खिडकीच्या काळ्या कट्ट्याला टेकले होते. बाहीला लागलेली पांढरी भुकटी झटकत ते पुटपुटले, "हा खडू काही माझा पिच्छा सोडत नाही."

"मास्तर, इथे फळा कुठे आहे?"

मास्तर बाहीकडे बघतच राहिले. बाईंनी दार लावलं.

"काकू, पंपात काही भेसळ नाही. औषध काकांच्या छातीत गेलंच नाही. ते रोज पंप फिरवतात, आकडा कमी होतो आणि पावडर त्या कट्ट्यावर झटकली जाते. औषध घेतलं असतं तर चुळा भरल्या असत्या, पेल्यात धूळ साचली नसती. आणि जो माणूस पेपरमिंटचा वास खपवून घेत नाही, तो चाखायच्या अर्धा तास आधी तोंडात पावडर ओढेल?"

काका खाली बघत होते. "गोडसर थर राहतो. चुळा भरूनही. पहिल्याच दिवशी दोन नमुने चुकलो, ते याने पकडले." त्यांनी दुय्यमाकडे मान वळवली. "म्हाताऱ्या टेस्टरने जिभेची तक्रार केली की खुर्ची गेलीच."

"म्हणून सुनेची बॅग दाराशी?" बाईंनी विचारलं.

"कुठली बॅग?"

काकांनी आधी काकूंकडे, मग सुनेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू आला. "दुपारच्या वेळेचा काहींना फायदा होतो, म्हणून सुचवली. पण रोज घेतलं जाईल तीच वेळ खरी. उद्यापासून चाखणं संपल्यावर पाचला घ्या. आजचं आत्ताच घ्या आणि लगेच मला येऊन दाखवा."

काकांनी हातातला चमचा दुय्यमापुढे सरकवला. "आजचे कप तू चाख."

काकूंनी रुमालातून पंप काढला. क्षणभर घुटमळल्या आणि तो सुनेच्या हातात ठेवला.

"दे त्यांना," त्या म्हणाल्या. "मी घरी पुढे जाते. तू यायच्या आत ती बॅग रिकामी करायचीय मला."