एका लेन्ससाठी हललेली मान

खाटेवर पाचशेच्या सव्वीस नोटा होत्या, शंभरच्या चौदा आणि विसाच्या वीस. एकूण चौदा हजार आठशे. शीलाने दोनदा मोजून वहीत यादी केली... जुनी बॉडी साडेबारा हजार, लेन्स सहा हजार दोनशे, कार्ड आणि जादा बॅटरी सतराशे.

"बॉडी?" तिची आई नंदाबाई दचकली. "असं अभद्र काहून लिहून राह्यली वं?"

"याडी, कॅमेऱ्याच्या धडाले बॉडी म्हणतेत," शीला हसली. "लेन्स वेगळी घ्या लागते. लेन्स नाही, त धड आंधळं."

हसू टिकलं नाही. पाच हजार सहाशे कमी पडत होते, आणि दारव्ह्याचा स्टुडिओवाला लग्नात बायकांकडचे फोटो तिला द्यायला तयार होता तो कॅमेरा स्वतःचा असला तरच. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं शिकवण्या घेणाऱ्या त्या पोरीने निमूटपणे वही मिटली, तेव्हा आईच्या काळजात कळ उठली... नवरा, हरिसिंग, ऊसतोडीला गेलेला. मागायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला जाण्याआधी नंदाबाईने कानशिलांवरच्या केसांतून चांदीची घुगरी-टोपली सोडवली. लग्नात चढलेली ही चांदी बंजारा तांड्यातली बाई नवरा गेल्यावरच उतरवते, हे तिला का ठाऊक नव्हतं! पण डोक्यावर पदर आहे, कुणाला दिसणार, अशी तिने मनाची वेडी समजूत घातली.

सोनाराने दागिना तळहातावर घेतला, पण तराजूत टाकला नाही.

"बाई, मालक जिवंत असताना मी हे घेत नाही. मालक गेले का?"

नंदाबाईने पदर पुढे ओढला. शीलाची मिटलेली वही डोळ्यांपुढे आली... आणि तिची मान होकारार्थी हलली!

अठ्ठ्याहत्तर ग्रॅम भरले. पाच हजार सहाशे पन्नास मिळाले. "बचत गटानं देल्ले," असं तिने शीलाला सांगितलं.

चैत्रात हरिसिंग परतला. तांड्याच्या तोंडाशीच शेजारची जमनी भेटली. ती पैंजण सांधायला त्याच सोनाराकडे गेली होती, आणि त्याने तिच्यापाशी हरिसिंग गेल्याची हळहळ व्यक्त केली होती.

"अगाई! दादा, तुमी त मेलते ना?" ती खिदळली. "तुमच्याच बायकोनं सांगतलं सोनाराले!"

हरिसिंग अंगणात आला, गाठोडं टाकलं आणि बायकोचा पदर मागे सारला. कानशिलं रिकामी होती.

"बोल... कवा मेलो मी?"

"पोरीच्या कॅमेऱ्यासाठी जी..." ती त्याच्या पायांशी कोसळली. "तोंडानं नाही बोलली मी. मान हलली फक्त!"

"मान हलली, मंग बाकी काय राह्यलं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं! त्या दिवसापासून तो शीलाच्या हातचं जेवू लागला आणि अंगणात निजू लागला. नंदाबाई त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवी. सकाळी तो तसाच भरलेला असे. मी जिवंतपणी विधवा झाले, माझ्याच मानेने... हा एकच विचार तिला आतून कुरतडत होता.

शीला सोनाराकडे धावली. चांदी केव्हाच वितळवली होती. तिने रडत बापापुढे कॅमेरा ठेवला. "बा, विकून टाकते मी हा."

"नको विकू. तुया मायनं माया जीव देऊन घेतला तो. आता काम कर त्याच्यानं."

दहाव्या दिवशी नंदाबाई पदर न घेता घराबाहेर पडली. तांड्यातल्या एकेचाळीस दारांपुढे ती उघड्या डोक्याने उभी राहिली आणि प्रत्येक दारी तेच बोलली, "माया मालक जित्ता हाये. मी खोटी मान हलवली." कुणी दार लोटून घेतलं, कुणी हसलं. जमनी मात्र हसली नाही. तिची नजर खाली गेली.

हरिसिंग अंगणातून सारं पाहत होता. नंदाबाई परतली तेव्हा तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "शीला, फोटो काढ. दोघायचा. लोकायले दिसू दे, मी जित्ता हावो."

नंदाबाई खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिचे डोळे वाहत होते.

"बा..." शीलाने कॅमेरा डोळ्याला लावला. "जरा जवळ सरका ना."

तो सरकला. शीलाने बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. दोघांच्या खांद्यांमध्ये चार बोटांचं अंतर होतं.