चाळीस उन्हांची फळी

"अर्धी फळी झाकायची, अर्धी उघडी ठेवायची. चाळीस दिवस हात लावायचा नाही, तिकडे बघायचंही नाही. मग दोन्ही अर्ध्या शेजारीशेजारी बघायच्या आणि तेव्हाच रंगाला खरा म्हणायचं."

आत्या जाऊन दोन वर्षं झाली, तरी फळी हातात घेतली की भाचीला तिचा हा आवाज ऐकू यायचाच. मागे आत्यानं ठेवली होती ही रंगाची खोली आणि परसातले मंजिष्ठेचे वाफे. तीन वर्षांची मुळं खणायची, वाळवून कुटायची, त्यांतला लाल उतरवून जवसाच्या तेलात घोटायचा आणि लाकडाला लावायचा. खणताना मुळाचा एक तुकडा मातीला परत द्यायचा. तो पुन्हा फुटायचा. इतक्या काळ्या मातीत हा लाल कुणी जपून ठेवला असेल? दर वेळी भाचीचे हात नकळत जोडले जायचे.

आज चाळिसावा दिवस. वाचनालयातल्या मुलांच्या खोलीसाठी टेबलं होत होती. रंग उन्हात टिकला तर ती याच लालात, नाहीतर कारखान्याच्या डब्यातला रंग, असं ग्रंथपालबाईंनी ठरवलं होतं. जे दिसेल ते आहे तसं आजच येऊन सांगेन, असा शब्द तिनं दिला होता.

तिनं खिडकीतली फळी उचलली. खालच्या अर्ध्यावर काळ्या कागदाची टोपी होती. ती अलगद ओढली...

रेघच नव्हती!

झाकलेलं कुठलं, उघडं कुठलं, कळू नये इतका एकसारखा लाल. चाळीस उन्हं अंगावर घेऊनही? ती खाली बसली आणि मनातल्या मनात तो लाल जपून ठेवणाऱ्याचे आभार मानत राहिली.

"रंगबाई, काय झालं? रडताय की हसताय?"

दारात सुतार उभा होता. टेबलं त्याचीच. अंगणापलीकडे त्याचं कामाचं छप्पर. पहिल्या दिवशी लाकडाचा नमुना द्यायला आला आणि 'वाळलंय का?' म्हणत त्यानं ओल्या फळीवरच अंगठा टेकवला होता. दोन दिवस तो लाल अंगठा मिरवत हिंडला. तेव्हापासून तो तिला रंगबाई म्हणे आणि ती त्याला सुतारबुवा.

तिनं फळी पुढे केली. तो मनापासून खूश झाला.

"दोन्हीकडून सारखी झालीय ना? मी रोज टोपी बदलत होतो की. एक दिवस खाली, एक दिवस वर."

तिनं हातातली टोपी खाली ठेवली.

त्यानं समजावून सांगितलं. लाकूड वाळताना रोज उलटावं लागतं, नाहीतर एका अंगानं तापून वाकडं होतं. झाकलेल्या अर्ध्याला बिचाऱ्याला ऊनच मिळत नव्हतं. दुपारी ती वाफ्यात असायची, तेव्हा तो येऊन...

बोलता बोलता तिचा चेहरा त्याला दिसला, आणि तो थांबला. तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं, आत्याच्या आवाजासकट. फळीच्या कोपऱ्यात तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्याकडे त्यानं बोट दाखवलं.

"ही मात्र मी हलवली नाही."

चिठ्ठी तिनं ओल्या फडक्यानं भिजवली, नखानं सोडवली. दोघांची डोकी फळीवर वाकली. खाली बोटभर रुंदीचा लाल होता, सभोवारच्या लालाहून किंचित गडद. अगदी किंचित... सूर्य मावळतीकडे एक पाऊल सरकावा तेवढाच.

"म्हणजे उडतो," ती म्हणाली.

"थोडा. दोन्ही अर्ध्यांना वीसवीस दिवस ऊन मिळालं, तेवढा हिशेब तर लागला."

"आत्याला चाळीस हवेत." तिनं फळी पुसली. मग बराच वेळ न विचारलेलं विचारलं, "लाकूड खरंच रोज उलटावं लागतं?"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मंजिष्ठेलाही जमला नसता असा.

"आठवड्यातून दोनदा पुरतं," तो म्हणाला. "रोजची गरज फळीला नव्हती... माझा नेम झाला होता. तुमची खिडकी बघितल्याशिवाय हात करवतीला लागायचा नाही."

खोलीत जवसाच्या तेलाचा वास होता, आणि उन्हाची तिरीप त्या बोटभर लालावर येऊन थांबली होती. चाळीस दुपारी ती मातीत मुळं शोधत होती, आणि इथं खिडकीशी रोज कुणीतरी... केवढं काय काय वाढत असतं, आपण न बघता.

"नेम मोडू नये," ती फळीकडे बघतच म्हणाली. "उद्या नवी फळी लावते. रोज यायचं. फक्त हात लावायचा नाही."

"फळीला?"

"फळीलाच म्हणतेय मी, सुतारबुवा."

तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, की वाचनालयात तोही येतो, चूक त्याची आहे. तिनं नको म्हटलं नाही.

तिनं जुनी फळी फडक्यात गुंडाळली आणि काखेत धरली. पायऱ्या उतरून ती ग्रंथपालबाईंना खरं सांगायला निघाली. तिच्या शेजारून तो चालू लागला, शाळेत शिक्षा झाल्यासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधून.