हिंमतरावांचं वजन

झुंबरबाईंनी चौथ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली आणि वामनरावांचा चहा पुन्हा निवला. पोलीस जमादारकीची पेन्शन घेऊन चिखलीत खाजगी तपास करायचा, ही दुर्बुद्धी आपल्याला का सुचली, हे त्यांना आज कळेना.

हकीकत एवढीच. बाईच्या मयत नवऱ्याचं मृत्युपत्र नागपूरच्या वकिलाकडे होतं. बुधवारी दुपारी बाराला काळा चष्मा लावलेला एक धडधाकट माणूस तिच्या नावाची खोटी चिठ्ठी देऊन ते घेऊन गेला. मृत्युपत्र नाही, तर अमडापूरचं वीस एकर शेत दीर हिंमतराव बळकावणार आणि बाई उघड्यावर.

"तिचा भाचा मोतीराम बुधवारी नागपूरलेच होता," वामनरावांचा मेहुणा निवृत्ती म्हणाला. "धरा त्याले."

मोतीराम आला तो कुबडीवर. "पायाच्या प्लास्टरसाठीच गेलतो, काका."

"हा पाय वकिलाच्या कारकुनाला दिसला नसता का?" वामनराव निवृत्तीवर खेकसले.

मग हिंमतराव आले. कोटाच्या खिशाखाली शाईचा मोठा डाग. त्यांना पाहून वामनरावांनी जुनी बाज पुढे केली. "जपून बसा, मोडेल."

"एकशे चौसष्ट पौंडानं काय मोडते?"

"बुधवारी कुठं होता?"

"हां?" हिंमतरावांनी कानातला कापसाचा बोळा चाचपला.

वामनराव ओरडले. प्रत्येक प्रश्न दोनदा ओरडावा लागला.

"मुंबईले. सकाळी सहाले दलालाकडे चहा घेतला, हे त्याचं पत्र. तिथून नागपूर सव्वापाचशे मैल. मेल सोळा तास घेते. मी बाराले कसा पोचू?"

"कान कधीपासून गेले यांचे?" वामनरावांनी बाईला विचारलं.

"मागच्या सोमवारी भिंतीपल्याडचं ऐकत होते भावजी."

"सोडा त्यायले," निवृत्ती म्हणाला. "सोळा तास म्हणजे सोळा तास."

"सोळा तास आगगाडीला, शहाण्या. विमान सव्वाचारशे मैल सरळ जातं, तीन तासांत. आठला निघालं की अकराला नागपूर. वर हवा विरळ, म्हणून शाईपेन गळतं. उतरताना कानांना दडे बसतात, सर्दी असली तर आठवडाभर सुटत नाहीत. आणि चिखलीत कापूस तोलतात, माणसं नाही. स्वतःचं वजन पौंडात कुणाला ठाऊक असतं? विमानात चढताना ज्याला काट्यावर उभं केलं, त्याला." ते हिंमतरावांच्या कानाशी वाकले. "उतारूंच्या यादीत नाव खोटं देता येतं. वजन तिथं तुमचंच लिहिलेलं असणार!"

एवढं मात्र दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. हिंमतरावांनी फेटा उतरवला आणि आतून मृत्युपत्राची घडी काढली.

"जाळली काऊन नाही?" निवृत्तीने विचारलं.

"इंग्रजीत हाय," हिंमतराव पुटपुटले. "दादानं काय लिवलं ते पाहाचं होतं. चिखलीत कोणाले वाचाले सांगू?"

वामनरावांनी चष्मा लावून वाचलं. मग घसा खाकरून मोठ्यानं सांगितलं, "बारा एकर झुंबरबाईला. विहीर आणि आठ एकर धाकट्या भावाला, हिंमतरावाला."

"हां?"

वामनराव पुन्हा ओरडले. हिंमतराव उतरवलेला फेटा मांडीवर उलगडत बसले. तिसऱ्यांदा ओरडण्यासाठी वामनरावांनी श्वास भरला, तेव्हा झुंबरबाईंनी हात आडवा केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "ऐकलं त्यायनं."