कार्ब्युरेटरला हुडहुडी

"वहिनी, कार्ब्युरेटरच्या हीटरची वायर काढू नका. बर्फापेक्षा दमट धुकं वाईट!" गॅरेजवाले काका स्पॅनर नाचवत बजावत होते, आणि मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देत होते. थर्मामीटर आठ अंश दाखवत होता. पाणी गोठायला शून्य अंश लागतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा तो कार्ब्युरेटर कसा गोठेल? शिवाय आमच्या म्हाताऱ्या मोटरसायकलच्या बॅटरीचा जीव तो केवढा! हीटर आणि फोनचा चार्जर ही दोन्ही पोरं तिला पोसवेनात. आमची छकुली अजून रांगायची होती आणि तिला सासूबाईंजवळ सोडून मी पहिल्यांदाच बाहेर पडत होते. फोन बंद पडून कसं चाललं असतं? हीटर सुटला, चार्जर जोडला गेला.

आम्ही निघालो होतो सासऱ्यांना गाठायला. डोंगरमाथ्यावरच्या पर्जन्यमापन चौकीत ते एकटेच राहायचे. रोज संध्याकाळी वायरलेसवर त्यांचा खणखणीत आवाज पायथ्याच्या आमच्या घरी यायचा. वादळ झालं आणि तो आवाज थांबला. वाटेत झाडं आडवी पडलेली, तेव्हा जीप जाणं शक्य नव्हतं. मोटरसायकल मात्र सरपटत, वाकत निघून गेली असती. अडचण एकच होती, नदी! वरचा बर्फ उन्हानं वितळला की दुपारनंतर ती फुगायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कुणाला पलीकडे जाऊ द्यायची नाही. दुपारच्या आत नदी ओलांडायची, नाहीतर बाबांना आणखी एक रात्र एकट्यानं काढावी लागणार!

एका गाडीवर नवरा आणि मागे मी. दुसऱ्या, अगदी तसल्याच गाडीवर नणंद. एका जागी कधी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात.

जंगल सुरू झालं तसं धुकं अंगावर आलं. देवदारांच्या फांद्यांवरून थेंब ठिबकत होते, शेवाळलेले खडक मधूनच म्हशीच्या पाठीसारखे समोर उगवत होते, आणि त्या ओल्या शांततेत आमच्या दोन इंजिनांची टकटक तेवढी सोबतीला होती. मग एका चढावर आमचं इंजिन खोकलं. गचके बसले. बंद!

नवऱ्यानं प्लग काढला, पुसला, लावला. एका किकमध्ये गाडी सुरू!

"बघितलंस? प्लग ओला होता," तो ऐटीत म्हणाला.

पुढच्या वळणावर पुन्हा बंद. या वेळी त्यानं पेट्रोलची नळी फुंकली. सुरू! "नळीत कचरा होता."

तिसऱ्यांदा भिंगरी पुढे झाली. तिनं टाकीवर थाप मारून गाडीची यथेच्छ कानउघाडणी केली. दम खाऊन किक मारली, तर गाडी सुरू!

"दादा, तुझ्या पान्यांपेक्षा माझी जीभ बरी!"

"ती आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे," नवरा कुरकुरला.

मी हसले खरी, पण लक्ष सगळं वर होतं. धुक्यापलीकडचा उजेड पांढरा होत चालला होता. ऊन वर चढत होतं. नदी आमच्यासाठी थोडीच थांबणार होती! आणि फोन? तो शंभर टक्के चार्ज, पण रेंजच्या नावानं शंख!

नदीचा घोष ऐकू येऊ लागला आणि ऐन काठावर गाडी चौथ्यांदा मेली. नवरा पुन्हा प्लगकडे वळला.

"थांब," मी म्हटलं. "कशालाच हात लावू नकोस."

छकुलीला ताप आहे का बघताना मी हाताची मागची बाजू लावते. तशीच ती इंजिनला लावली. चटका बसला. मग कार्ब्युरेटरला लावली आणि हात झटकन मागे घेतला. बर्फाचा गोळा! त्याच्या अंगावर पांढरं दव साचून कडक झालं होतं. भिंगरीच्या गाडीचा कार्ब्युरेटर चाचपला. कोमट! तिचा हीटर जागेवर होता.

"हा गोठलाय," मी म्हटलं. "अंगाला स्पिरिट लावलं की कसं गार वाटतं? आत पेट्रोल उडतं तेव्हा तसंच होतं. त्यात ही ओली हवा. तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन कार्ब्युरेटरचा गळा आवळतो. आपण थांबलो की इंजिनच्या उबेनं तो वितळतो."

"म्हणजे मी प्लग पुसला तो..."

"त्याचं पुण्य मिळेल!" भिंगरी खिदळली.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "चार्जर काढावा लागेल. पुढे रेंज आली आणि तोवर ती शोधण्यातच फोन संपलेला असला तर?"

छकुलीची आठवण छातीत टोचली. "काढ," मी म्हटलं. वायर हीटरला जोडली. काठावरच्या दगडावर टेकून थोडा वेळ वाट पाहिली. पांढरा थर ओघळून थेंब थेंब खाली पडला.

बरोबर आणलेल्या दोराचं एक टोक झाडाला बांधून भिंगरी आधी पलीकडे गेली आणि तिनं दुसरं टोक खडकाला बांधलं. आता आम्ही! पाणी चाकाच्या निम्म्यावर. मग बुटांवर. मग पोटऱ्यांना! खाली गोटे सरकत होते. प्रवाह गाडीला आडवं ढकलत होता. मी एका हातानं दोर धरला, दुसऱ्यानं नवऱ्याचं जाकीट.

"रेस सोडू नकोस!"

"सोडतोय कशाला!"

मधोमध इंजिन एकदा खोकलं. पण ते सावरलं! गुरगुरलं! पुढचं चाक वाळूत रुतलं, उसळलं, आणि आम्ही काठावर! मागे वळून बघितलं, तर ज्या दगडावर आम्ही टेकलो होतो, त्याच्यावरून पाणी वाहू लागलं होतं.

"काय गं वहिनी, हीटर लागतोच म्हणायचा का?"

"कोरड्या कडाक्यात नसेलही लागत. पण या ओल्या गारठ्यात त्याच्याशिवाय मी आता घराचं फाटकसुद्धा ओलांडणार नाही!"

चौकीचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा खाटेवर होते, घोटा भोपळ्याएवढा सुजलेला. वादळात तुटलेली वायरलेसची तार बांधायला छपरावर चढले आणि घसरले होते. चूल विझलेली, सरपण अंगणात, आणि हाताशी फक्त कोरडी बिस्किटं. ओठ निळसर पडले होते. तरी मला पाहताच डाफरले, "तान्ह्या पोरीला टाकून आलीस? मला काय धाड भरलीये!"

भिंगरीनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि छपरावर चढून तार जोडली. मी चूल पेटवली. चहा पोटात गेल्यावर बाबांच्या ओठांना रंग चढला. नवऱ्यानं वायरलेसचं बटण दाबून हाक मारली, तसा सासूबाईंचा आवाज आला, "हळू बोला रे, छकुली आत्ताच झोपलीय." मग खरखरीतून एक हुंदका. "ते... आहेत ना तिथं?"

"आहे, आहे," बाबा म्हणाले. "रडतेस काय!"

असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. एकटं राहणारं, विचारलं की "मजेत" म्हणणारं. त्याचा आवाज शेवटचा कधी ऐकलात? हे वाचून झालं की आधी त्याला फोन लावा. उचलला नाही, तर "झोपला असेल" म्हणू नका. उठा आणि त्याच्या दाराशी जाऊन या!